विश्लेषण : काळी, कडू आणि ‘स्ट्राँग’… ब्लॅक आयपीए चाखताना या तीन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या?

‘डार्क आहे ना, म्हणजे स्ट्राँगच असणार!’ मायक्रोब्रुअरीत बसलेल्या कोणत्याही टेबलावर हे वाक्य हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात जगातली सर्वात प्रसिद्ध काळी बिअर, म्हणजे आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट, जेमतेम ४.२ टक्के अल्कोहोलची असते. उलट आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये मिळणारी सोनेरी रंगाची ‘स्ट्राँग’ बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे रंगावरून ताकद ओळखायला गेलो, तर अंदाज उलटा पडतो. हा गोंधळ दूर करायला एक बिअर फार उपयोगी आहे : ब्लॅक आयपीए. ती काळीही असते, कडूही असते आणि अनेकदा चांगलीच स्ट्राँगही. मात्र या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. त्या कशा, त्या चाखताना कशा ओळखायच्या आणि त्यातली कोणती गोष्ट घरी जाताना महागात पडू शकते, याचा हा आढावा.

ब्लॅक आयपीए म्हणजे नेमके काय?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्स नावाच्या वेलीची फुले सढळ हाताने वापरलेली, कडसर आणि सुगंधी बिअर. ब्लॅक आयपीए ही तिचीच काळी बहीण. दिसायला स्टाउटसारखी, पण वासाला आणि चवीला आयपीएसारखी. भाजलेल्या धान्याची चव असते, मात्र ती मागच्या बाकावर. पुढे बसतात ते हॉप्स.

बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांना कोणत्या प्रकारात काय अपेक्षित आहे हे सांगणारी नियमावली अमेरिकेतील ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही संस्था काढते. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत ब्लॅक आयपीएसाठी अल्कोहोल ५.५ ते ९ टक्के, कडूपणा ५० ते ९० आयबीयू आणि रंग २५ ते ४० एसआरएम असे आकडे दिले आहेत. आयबीयू हे कडूपणाचे माप आणि एसआरएम हे रंगाचे. तुलनेसाठी सांगायचे, तर नेहमीच्या सोनेरी लागरचा रंग २ ते ६ एसआरएमच्या घरात असतो आणि कडूपणा बहुतेक वेळा २० आयबीयूच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

तीन आकडे, तीन वेगळी मापे. एक वाढला म्हणून दुसरा वाढतो असे नाही. या लेखाचा सगळा मुद्दा इथेच आहे.

यातला ‘इंडिया’ म्हणजे आपलाच का?

होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला बिअरची पिंपे येत. सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्याआधी जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे आणि प्रवासाला काही महिने लागत. लंडनमधील हॉजसन यांची बो ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती. जहाजांच्या कप्तानांना तिथून उधारीवर माल मिळे. साहजिकच भारताच्या बाजारात तिचा दबदबा होता. पुढे १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट या गावातील ऑलसॉप आणि बास या कंपन्या त्यात उतरल्या. तिथल्या विहिरींचे जिप्समयुक्त पाणी हॉप्सच्या कडूपणाला धार देणारे होते.

‘भारतासाठी खास नवी बिअर शोधून काढली’ ही कथा मात्र अर्धवट खरी आहे. फिकट रंगाची आणि भरपूर हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. हॉप्समध्ये जिवाणूंची वाढ रोखण्याचा गुण असतो, म्हणून ती टिके. भारतात ती लोकप्रिय झाली आणि मग तिला भारताचे नाव चिकटले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ या शब्दांचा आतापर्यंत सापडलेला एक अगदी जुना छापील उल्लेख १८२९ मधील आहे आणि तोही सिडनीच्या वर्तमानपत्रातील जाहिरातीत.

‘पेल’ म्हणजे फिकट. कशाच्या तुलनेत? तर त्या काळी लंडनमध्ये सर्वत्र प्यायल्या जाणाऱ्या गडद पोर्टरच्या तुलनेत. ही पोर्टरही जहाजांतून भारतात येत होती, मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी. म्हणजे काळी आणि फिकट अशा दोन्ही बिअर भारताच्या किनाऱ्यावर उतरत होत्या. दोघींची सांगड एकाच ग्लासात घालण्याची कल्पना मात्र लोकप्रिय व्हायला बराच काळ जावा लागला आणि ती अमेरिकेत झाली.

काळ्या आयपीएची सुरुवात कुणी केली?

आधुनिक ब्लॅक आयपीएचे श्रेय साधारणपणे ग्रेग नूनन यांना दिले जाते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहरात त्यांचा ‘व्हरमाँट पब अँड ब्रुअरी’ होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘ब्लॅकवॉच आयपीए’ नावाची काळी आयपीए तयार झाली. नूनन यांच्याच हाताखाली काम केलेले जॉन किमिच यांनी २००३ मध्ये वॉटरबरी गावात ‘द अल्केमिस्ट’ सुरू केले आणि ‘एल हेफे’ नावाची काळी आयपीए बनवली.

देशभर गाजली ती कॅलिफोर्नियातील स्टोन ब्रुइंगची बिअर. कंपनीने २००७ मध्ये अकराव्या वर्धापनदिनानिमित्त एक काळी, तिखट हॉप्सची बिअर काढली. ती इतकी आवडली, की २००९ मध्ये ‘सब्लाइमली सेल्फ-रायचस एल’ या नावाने ती पुन्हा बाजारात आणावी लागली. अल्कोहोल ८.७ टक्के, कडूपणा ९० आयबीयू, हॉप्स चिनूक, सिमको आणि अमरिलो. ‘काळी, कडू आणि स्ट्राँग’ या तिन्ही गोष्टी टोकाला नेल्या तर काय होते, याचे हे नेमके उदाहरण.

त्याच सुमारास वायव्य अमेरिकेतील ब्रुअर्सनी नावावरून वाद घातला. ‘पेल म्हणजे फिकट, मग काळी पेल एल कशी?’ हा त्यांचा सवाल. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या कॅस्केड पर्वतरांगांवरून त्यांनी ‘कॅस्केडियन डार्क एल’ हे नाव पुढे केले. अमेरिकेतील हॉप्सचे सर्वात मोठे उत्पादन वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यात होते, त्यामुळे ‘ही बिअर आमची’ असा दावाही होता. अखेर २०१० मध्ये ब्रुअर्स असोसिएशनने आपल्या यादीत हा प्रकार घेताना ‘अमेरिकन स्टाइल इंडिया ब्लॅक एल’ असा मधला मार्ग काढला. बाजारात मात्र ‘ब्लॅक आयपीए’ हेच नाव रुळले.

काळा रंग येतो कुठून?

बिअरचा रंग ठरवते माल्ट. जव भिजवून, मोड आणून, वाळवले की माल्ट तयार होते. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करतात, तत्त्व तेच. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती पुढे पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करतात. यीस्ट ती साखर खाते आणि अल्कोहोल बनवते.

माल्ट हलकेच वाळवले तर बिअर सोनेरी होते, कॉफीच्या बियांसारखे खरपूस भाजले तर काळी. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर या इंग्रज गृहस्थाने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. त्यामुळे धान्य न जळता अगदी काळे भाजता येऊ लागले. बिअरवाल्यांच्या लक्षात आले, की बहुतेक सगळे माल्ट फिकट ठेवले आणि त्यात थोडेसे काळे माल्ट मिसळले, तरी अख्खी बिअर काळी होते.

डार्क म्हणजे स्ट्राँग हा समज इथेच गळून पडतो. काळे भाजलेले माल्ट एकूण धान्याच्या काही टक्केच असते आणि त्याची यीस्टला खाण्याजोगी साखर फिकट माल्टपेक्षा कमीच. ते रंग देते, चव देते. अल्कोहोल जवळजवळ देतच नाही. चहात दुधाचे दोन थेंब घातले की रंग बदलतो, पण चहाची पावडर तेवढीच राहते, तसेच काहीसे.

ब्लॅक आयपीए बनवणाऱ्यांपुढे एक अडचण असते. धान्य काळे भाजले की त्याच्या टरफलातून जळकट, तुरट चव उतरते. ही चव हॉप्सच्या कडूपणाशी भांडते आणि घोट राखेसारखा लागतो. यावर जर्मनीतील बाम्बर्गच्या वायरमान कंपनीचे ‘काराफा स्पेशल’ माल्ट कामी येते. त्यात भाजण्याआधीच जवाचे टरफल काढून टाकलेले असते. काही जण काळे माल्ट थंड पाण्यात भिजवून फक्त त्याचे पाणी वापरतात, काही जण ते अगदी शेवटच्या टप्प्यावर घालतात. उद्देश एकच : रंग हवा, जळकटपणा नको.

मग कडूपणा कशाचा?

कडूपणा हॉप्सचा. हॉप्स ही भांगेच्याच कुळातली वेल. नशेचा गुण मात्र तिच्यात नाही. तिच्या मादी फुलांत ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात दोन कामाच्या गोष्टी : अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले. भारतात हिमाचल प्रदेशच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची थोडी लागवड होते.

अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टचा गोड रस तासभर उकळताना त्यात हॉप्स टाकले, की उष्णतेने या आम्लांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू लागतात. जितका वेळ उकळू तितका कडूपणा जास्त. पण सुगंधी तेले तेवढ्याच वेळात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रुअर हॉप्स दोनदा-तीनदा घालतो. आधी कडूपणासाठी, उकळी संपताना चवीसाठी आणि आंबवून झाल्यावर, थंड बिअरमध्ये, निव्वळ वासासाठी. फोडणीत घातलेला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच इथे.

कडूपणाचे माप आयबीयू. १ आयबीयू म्हणजे एका लिटरमध्ये ढोबळमानाने १ मिलिग्रॅम कडू आम्ल. प्रयोगशाळेत बिअरमधील ही आम्ले एका द्रावकात उतरवून घेतात आणि ते द्रावण २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते, हे मोजतात. रंगही प्रकाशानेच मोजतात, मात्र ४३० नॅनोमीटरवर. थोडक्यात, रंग आणि कडूपणा हे प्रयोगशाळेतही एकाच यंत्रावरचे दोन निरनिराळे आकडे आहेत.

यात एक मेख आहे. आयबीयू सारखा असला तरी जिभेला कडूपणा सारखा लागत नाही. बिअरमध्ये शिल्लक राहिलेली साखर जास्त असेल तर ९० आयबीयूही सुसह्य वाटतात; साखर नसेल तर ४० आयबीयूदेखील झणझणतात. कैरीच्या पन्ह्यात गूळ वाढवला की आंबटपणा कमी भासतो, पण कैरी तेवढीच असते.

बिअरला संत्र्याचा, आंब्याचा वास कसा येतो?

बहुतेक वेळा त्यात फळ घातलेलेच नसते. हा सगळा हॉप्समधील तेलांचा खेळ. मर्सीन हे हॉप्समधील एक प्रमुख तेल; तेच आंब्यातही असते. लिनालूल हे धण्याच्या वासामागचे द्रव्य, तेही हॉप्समध्ये असते. जेरॅनिऑलचा वास गुलाबाकडे झुकणारा. अमेरिकेत १९७२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘कॅस्केड’ या वाणाने मोसंबी-पपनसाच्या सालीसारखा वास बिअरमध्ये रुजवला आणि तिथली क्राफ्ट बिअरची चळवळ बरीचशी त्यावर उभी राहिली. चिनूकचा वास पाइनच्या डिंकासारखा, रानटी. सिमकोमध्ये पाइन आणि फळ दोन्ही. अमरिलोमध्ये संत्रे.

ब्लॅक आयपीएमध्ये हे वास कॉफी आणि कडू चॉकलेटच्या वासाशेजारी येऊन बसतात. चॉकलेटात घोळवलेली संत्र्याची साल खाल्ली असेल, तर ही जोडी का जमते हे लगेच कळेल. मात्र ही जोडी टिकाऊ नाही. हॉप्सचा वास काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, भाजलेल्या माल्टची चव राहते. जुनी झालेली ब्लॅक आयपीए म्हणूनच साध्या, थोड्या जास्त कडू स्टाउटसारखी लागते. घेण्याआधी बाटलीवर किंवा कॅनवर भरल्याची तारीख पाहणे इथे सर्वात महत्त्वाचे. दुसरी गोष्ट प्रकाश. हॉप्सच्या कडू द्रव्यांवर ऊन पडले की एक गंधकयुक्त घटक तयार होतो आणि उग्र, कुबट वास येतो. कॅनला हा धोका नाही, हिरव्या व पारदर्शक बाटलीला सर्वाधिक.

चाखायची कशी?

यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. घाई न करणे पुरेसे. १०० ते १५० मिलीचा छोटा ग्लास घ्यावा. बर्फासारखी गार बिअर जवळजवळ बिनवासाची लागते; ८ ते १२ अंश सेल्सियस हे तापमान योग्य. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे थांबले तरी फरक कळतो.

१. पाहा : ग्लास उजेडासमोर धरा. काळी दिसणारी बिअर कडेला गडद तपकिरी किंवा माणकासारखी लालसर दिसते का? फेस खाकी ते फिकट तपकिरी असावा आणि थोडा वेळ टिकावा. इथे कळतो तो फक्त रंग. ताकदीबद्दल यातून काहीही कळत नाही.

२. वास घ्या : ग्लास एक तृतीयांश भरलेला असावा. हलकेच फिरवून आधी छोटा, मग दीर्घ श्वास. पहिल्यांदा काय येते? संत्र्याची साल, पाइन, ओली पाने आली तर हॉप्स ताजे आहेत. कॉफी, भाजलेले फुटाणे, पावाची करपलेली कड मागून यावी. नुसतीच कॉफी आली तर बिअर जुनी असू शकते किंवा ब्रुअरचा हात काळ्या माल्टकडे जास्त वळला असेल.

३. डोळे मिटून घोट घ्या : ही या बिअरची खरी परीक्षा. चांगली ब्लॅक आयपीए डोळे मिटल्यावर आयपीए वाटते, उघडल्यावर आश्चर्य वाटते. घोट तोंडभर फिरू द्या.

४. दोन कडूपणे वेगळे करा : हॉप्सचा कडूपणा कारल्यासारखा, स्वच्छ, घोट गिळल्यावर जिभेच्या मागे रेंगाळणारा. काळ्या माल्टचा कडूपणा करपलेल्या पोळीसारखा, कोरडा, थोडा आंबूस. पहिला हवा, दुसरा चिमूटभर. हिरड्या आक्रसल्यासारख्या झाल्या, तर ती तुरट चव, बहुधा टरफलातून आलेली.

५. जडपणा तपासा : स्टाउट अनेकदा दाट, दुधाळ लागते. ब्लॅक आयपीए त्यामानाने हलकी आणि कोरडी असावी.

६. ऊब शोधा : घोट गिळल्यावर घशात, छातीत किंचित उष्ण वाटते का? ते अल्कोहोल. ८-९ टक्क्यांची बिअरही नीट बनवलेली असेल तर ही ऊब फार सौम्य असते. आणि खरी गोम इथेच आहे.

स्ट्राँग म्हणजे नेमके किती?

अल्कोहोलची ताकद ठरते ती साखरेवरून. आंबवण्याआधी रस किती घट्ट होता आणि नंतर किती उरला, यातला फरक म्हणजे यीस्टने खाल्लेली साखर. घनता १.०८० वरून १.०१५ वर आली, तर अल्कोहोल सुमारे साडेआठ टक्के. या हिशेबात ना रंग येतो, ना कडूपणा. जीभही इथे फसते : हॉप्सचा सुगंध आणि भाजलेली चव अल्कोहोलला झाकून टाकतात, गारवा उरलेसुरले लपवतो.

म्हणून हा एक हिशेब जिभेवर न सोडता कागदावर करावा. मिलीला टक्क्यांनी गुणले की शुद्ध अल्कोहोल मिलीमध्ये मिळते, त्याला ०.७८९ ने गुणले की ग्रॅम. आपल्याकडची व्हिस्की सर्वसाधारणपणे ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या एका पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. आता तुलना :

• ५०० मिली काळी स्टाउट, ४.२ टक्के : सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे दीड पेगहून थोडे जास्त.
• ३३० मिली साधी लागर, ५ टक्के : १३ ग्रॅम, म्हणजे सव्वा पेग.
• ३३० मिली स्ट्राँग, ८ टक्के : सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे दोन पेग.
• ५०० मिली ब्लॅक आयपीए, ८.५ टक्के : सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे तीन पेगहून जास्त.
• ६५० मिली स्ट्राँग बाटली, ८ टक्के : सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग.

‘मी फक्त एक बिअर घेतली’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण त्या एका बिअरचे चार पेग होत असतील, तर त्याने ते मोजलेले नसतात.

या हिशेबाचा घरी जाण्याशी काय संबंध?

थेट संबंध. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

६५ किलो वजनाच्या पुरुषाने ८ टक्क्यांची ३३० मिली बिअर भराभर संपवली, तर ढोबळ गणिताने हा आकडा ४५ च्या पुढे जाऊ शकतो. ६५० मिलीच्या बाटलीनंतर तो ९० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकडा आणखी वर जातो. जेवण, वेळ, औषधे, प्रकृती यांनी यात फरक पडतो. म्हणून हे गणित ‘किती प्यायलो तर चालेल’ हे काढण्यासाठी वापरू नये. ते फक्त एका बाटलीचा आवाका दाखवते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. ४१ ग्रॅमसाठी चार ते सहा तास. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याने आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री बारा वाजता संपवलेली बिअर पहाटेही रक्तात असू शकते. प्यायची असेल तर दुचाकी-चारचाकी घरी ठेवून जाणे, हाच खात्रीचा मार्ग.

आरोग्याच्या बाबतीतही ‘क्राफ्ट’ हा शब्द सवलत देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच केला आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. हॉप्स महागडे असले म्हणून अल्कोहोल बदलत नाही.

महाराष्ट्रात काय पाहून घ्यावे?

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि जागेवरच बनवलेली ताजी बिअर राज्यात ओळखीची होऊ लागली. आता पुणे-मुंबईत अनेक मायक्रोब्रुअरी आहेत. ब्लॅक आयपीए त्यांच्या फळ्यावर कायम नसते; कधी तरी, हंगामी म्हणून दिसते. भारतीय अन्न सुरक्षा मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि ५ ते ८ टक्के स्ट्राँग अशी बिअरची विभागणी आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या ८.७ टक्क्यांच्या बिअरसारखी ताकद इथे अपेक्षित नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे असून मद्यपानासाठी परवाना लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा प्रकार तुलनेने सहज मिळेल. तिथे ‘इम्पीरियल’ किंवा ‘डबल’ हे शब्द लेबलवर दिसले, तर ताकद जास्त आहे असे समजावे आणि मोठा ग्लास मागवण्याआधी छोटा नमुना मागावा.

फळ्यावर किंवा कॅनवर तीन गोष्टी शोधाव्यात : अल्कोहोलचे टक्के, किती मिली आणि भरल्याची तारीख. आयबीयू लिहिले असेल तर उत्तमच. टक्के लिहिलेले नसतील तर विचारावे. ब्रुअरला ते माहीत असतातच. रंगाबद्दल विचारायची गरज नाही, तो समोर दिसतोच आणि त्यातून फक्त माल्ट किती भाजले होते एवढेच कळते. पुढच्या वेळी टेबलावर कुणी ‘डार्क आहे, म्हणजे स्ट्राँग’ म्हणाले, तर त्याला मेन्यूवरचा टक्क्यांचा आकडा वाचायला सांगा आणि घरी जायला रिक्षा कुणी बोलवायची, हेही तेव्हाच ठरवून टाका.